दसऱ्याचं तेल

इंजिनाच्या पोटाखाली एक थेंब तयार व्हायला पावणेतीन सेकंद लागत होते. आधी कवचाच्या कडेला काळसर ओल चमकायची. मग ती एका बोल्टच्या डोक्याकडे सरकायची, तिथे मसुराएवढी फुगायची आणि सुटायची. मिनिटाला बावीस थेंब. मी तीन वेळा मोजले. दोनदा बावीस आले, एकदा तेवीस.

खाली मी शाळेच्या उत्तरपत्रिकांचे कोरे ताव चिकटवून अंथरले होते आणि त्यांवर पेन्सिलीने इंजिनाचा आराखडा काढला होता, म्हणजे कोणता डाग कुठल्या भागाखाली पडतो ते कळावं. मला राग आला की माझा आवाज चढत नाही, अक्षर बारीक होतं. त्या दिवशीची माझी वही आज मलाच भिंगाशिवाय वाचता येत नाही.

मलकापूर, फेब्रुवारी १९६७. हिंमतरावांच्या जिनिंग फॅक्टरीतली मोटारीची शेड. माझे वडील सहदेव, माझा बा, तिथे एकोणीस वर्षं मिस्त्री होते. मी बी.एस्सी. करून गावातल्याच मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी मी तिथे खडूच्या भुग्यात माखलेल्या हातांनी पालथी पडले होते, कारण हिंमतरावांनी एक कागद लिहून ठेवला होता आणि रविवारी चार वाजता बाने त्यावर सही करायची होती.

कागदावर चार ओळी होत्या. ‘माझ्या हलगर्जीपणामुळे व अज्ञानामुळे मालकांच्या मोटारीचे इंजिन निकामी झाले आहे’ ही त्यातली दुसरी. नोकरीवरून काढण्याचा शब्दही त्यात नव्हता. हिंमतरावांना बा नोकरीत हवाच होता. महामार्गाच्या नाक्यावर शालिग्राम नावाच्या ट्रकमालकाने पत्र्याची शेड उभारली होती, खाली खड्डा खणून घेतला होता, आणि तीन वर्षं तो बाला म्हणत होता, “मिस्त्री, या अन् बसा.” बा दर वर्षी म्हणायचा, “हंगाम संपू दे.” हंगाम संपायचा, दुसरा यायचा. हे हिंमतरावांच्या कानावर गेलं होतं. असा कागद एकदा त्यांच्या कपाटात गेला, की नाक्यावरचा कोणता ड्रायव्हर आपलं इंजिन बाच्या हाती देणार होता?

गाडी जर्मन होती. दोन दारांची, बुटकी, पाठीमागे इंजिन. त्यात पाणी नाही. एक पंखा हवा मारतो आणि इंजिन त्यावरच थंड राहतं. कापूस खरेदीला आलेल्या एका स्विस साहेबाने ती आणली होती, आणि सत्तावन्न साली परत जाताना हिंमतरावांना दिली. आकारामुळे गावात तिला कासव म्हणत, पण पळायची ती हरणासारखी. साहेबाने बाला ती उघडायला आणि बंद करायला शिकवलं होतं. अकोल्यापासून भुसावळपर्यंत ते इंजिन दुसऱ्या कोणी उघडलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर तेल गळायला लागलं. डिसेंबरात बाने इंजिन उतरवून मागचं तेल अडवणारं मोठं सील बदललं. साहेब ठेवून गेला होता त्यांपैकी ते शेवटचं. तरी गळती थांबली नाही, उलट वाढली. मग हिंमतरावांच्या मुलाने, इंद्रभानने, जळगावहून कोणी जाणकार आणला. त्याने शेडच्या दारात उभं राहून खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, सील उलटं बसवलंय. तेवढ्यावर तो कागद लिहिला गेला.

“बा, सील उलटं बसलंय का?” मी शुक्रवारी विचारलं होतं.

“नाही.”

“मंग सांग ना त्यायले.”

“सांगतलं.”

बस, एवढंच. माझ्या बाला यंत्राबद्दल विचारलं तर तो अर्धा तास बोलेल, स्वतःबद्दल विचारलं तर एक शब्द. म्हणून मी स्वतः हिंमतरावांकडे गेले आणि रविवारी चारपर्यंत इंजिन तपासायची परवानगी मागितली. ते हसले. “पाह्य बाई. शिकली हायेस तर पाह्य.”

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची एक खोड असते. पंख्याची हवा गळणारं तेल पकडते आणि सगळीकडे फासते. म्हणून ओल जिथे दिसते तिथून तेल निघालेलं नसतं. आम्ही दोघांनी आधी रॉकेलने सगळं इंजिन धुतलं, वाळवलं. मग खडू कुटून, मलमलीतून गाळून, त्याचा पातळ थर मी सगळ्या सांध्यांवर फुंकला. पांढऱ्यावर तेलाची वाट लपत नाही.

पहिला प्रश्न, तेल कुणाचं? इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मध्ये एक पोकळी असते. दोन्हींकडचं तेल तिथल्या एकाच भोकातून खाली पडतं. गिअरच्या तेलात गंधक असतं. मी थोडं तेल परीक्षानळीत घेतलं, तांब्याची घासलेली तार त्यात सोडली आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. गंधक असतं तर तार काळी पडली असती. ती लालच राहिली. तेल इंजिनाचंच होतं. म्हणजे जळगावच्या जाणकाराचं इथवर बरोबर होतं. मी तेही वहीत लिहिलं.

“मास्तरीनबाई!” इंद्रभान दारात उभा होता. डोळ्यांवर काळा चश्मा, शेडच्या आतसुद्धा. “गाडीले पावडर लावून राह्यल्या? लगीन लावता का काय तिचं?”

मी घड्याळाकडे पाहत होते. इंजिन चालू होऊन दोन मिनिटं झाली होती.

“नवरदेव कोण हाये मंग? मिस्त्री?”

“तुम्ही जरा उजेडातून बाजूला व्हा,” मी म्हणाले.

“अरे बापरे. शाळेत बी असंच बोलता काय?” तो बाकडे वळला. “मिस्त्री, तुही पोरगी लय हुशार हाये बे. तुले काऊन नाही जमलं मंग?”

बा हातातला कापसाचा बोळा दाबत राहिला. माझ्या वडिलांपेक्षा तीस वर्षांनी लहान असलेला माणूस त्यांना ‘बे’ म्हणाला आणि ते बोळा दाबत राहिले. मी वहीत लिहिलं: चार मिनिटं, सात जागा.

सात जागा. रॉडच्या नळ्यांच्या टोकांना दोन, दोन्ही बाजूंच्या झाकणांना एकेक, पंपाचं तोंड, तेल थंड करणाऱ्या जाळीचं बूड, आणि ते मागचं सील. चार मिनिटांच्या आत खडूचा थर सातही जागी काळा झाला होता. एक सील उलटं बसलं तर एक जागा ओली होते. सात जागा एकदम ओल्या होतात तेव्हा सीलचा दोष नसतो. आतून काहीतरी ढकलत असतं.

मी हात लांब करून तेल भरायचं झाकण सैल केलं. भप् असा आवाज झाला आणि गरम वाफ माझ्या मनगटावर आली. झाकण काढून मी परत थेंब मोजले. मिनिटाला चार.

“बा, झाकण लाव.” बावीस. “काढ.” चार. “लाव.” एकवीस.

“हे काय खेळ हाये?” इंद्रभान म्हणाला.

“इंजिनाचा श्वास कोंडलाय,” मी म्हणाले. “आतली हवा बाहेर जायची नळी बंद झाली आहे. ती हवा तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर रेटते. तुमच्या जाणकाराने सील पाहिलं, पण ते न उघडता पाहिलं. आम्ही नळी उघडतो.”

नळी उघडली. बोटभर जाडीच्या नळीत डिंकासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं. तपकिरी, पारदर्शक, वरून कडक आणि आतून चिवट. ते रॉकेलमध्ये विरघळेना, पेट्रोलमध्येही नाही. इंजिनाच्या तेलाची काजळी अशी नसते. ती काळी असते आणि बोटाने पुसता येते.

इंद्रभानने चश्मा काढला, वाकून पाहिलं, परत लावला आणि निघून गेला.

मी तो गोळा कागदात बांधून घरी नेला. दिवस मावळायचा होता. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. मी कपड्यांसाठी आणलेला कॉस्टिक सोडा पाण्यात टाकला, त्यात गोळ्याचा तुकडा टाकला आणि ते भांडं दुसऱ्या चुलीवर ठेवलं.

“हे काय शिजवून राह्यली वं?” माय म्हणाली.

“साबण होतो का पाहते.”

खनिज तेलाचा साबण होत नाही. जमिनीतून निघालेलं तेल कितीही उकळा, सोड्याला ते दाद देत नाही. वीस मिनिटांनी तुकडा मऊ झाला, मग विरघळला. ते परीक्षानळीत ओतून, थोडं पाणी घालून मी नळी हलवली. दोन बोटं फेस आला, पांढरा, आणि तो बसला नाही. कोणीतरी त्या इंजिनात खायचं तेल ओतलं होतं.

माय जवळ आली. तिने उरलेला तुकडा नाकाशी धरला. तिने तीन वर्षं हिंमतरावांच्या तेलघाणीवर पोती उचलली होती.

“जवस हाये हे,” ती म्हणाली. “जवस तापला अन् वाळला का असाच वास येते. सुताराच्या घरी येते तसा.” मग ती सहज म्हणाली, “दसऱ्याले थोरल्या बाई पाजतेत न सगळ्या यंत्राले. शेर-शेर जवस.”

मी हे पाहिलेलं होतं, प्रत्येक वर्षी. हिंमतरावांच्या आई सत्यभामाबाई दसऱ्याला फॅक्टरीत यायच्या. जुन्या हळू चालणाऱ्या तेलइंजिनाला, सरकी काढणाऱ्या रेच्याला, गाठी बांधणाऱ्या प्रेसला हळदकुंकू वाहून पितळी मापाने घरच्या घाणीचं जवसाचं तेल ‘पाजायच्या’. जुन्या यंत्रांवर पितळी वाट्या असत, त्यात ते जायचं आणि काही बिघडत नसे. मोटार आल्यावर मोटारीलाही पाजू लागल्या. जवसाचं तेल तापलं, हवेत राहिलं की सुकून घट्ट होतं. त्याच्यातूनच रंग आणि वार्निश बनवतात. तापलेल्या इंजिनात ते घालणं म्हणजे शिरांमध्ये डिंक ओतणं. आणि हे मला, विज्ञान शिकवणारीला, एकदाही सुचलं नव्हतं. त्या रागाचा एक वाटा माझ्या स्वतःच्या नावावर होता.

“बा!” मी हाक मारली. तो दारात बसून पाय धूत होता. “सापडलं. तुझी काही चूक नाही. थोरल्या बाईंचं तेल हाये ते.”

“मले माहीत हाये,” बा म्हणाला.

मी हातातली नळी खाली ठेवली, कारण ती फुटली असती.

“कधीपासून?”

“दसऱ्यापासून.”

“तुला माहीत होतं. तू दुपारभर माझ्यासोबत रॉकेलने इंजिन धूत होतास, आणि तुला माहीत होतं?”

“तू धुऊन राह्यली होती. मी मदत करून राह्यलो होतो.”

“सहदेव!” माय ओरडली. ती बाला नावाने क्वचितच हाक मारायची.

मग तो बोलला. पहिल्या वर्षी, सत्तावन्नच्या दसऱ्याला, बाई तेल पाजून गेल्या. पूजा चालली तेव्हा बा शेडच्या बाहेर, गेटपाशी उभा होता. त्या दिवशी आमचं शेडमध्ये काम नसायचं. वर्षभरापूर्वीच आम्ही बौद्ध झालो होतो, आणि त्याआधी तरी आम्हाला पूजेला कोण बोलावत होतं? बाई गेल्यावर त्याने गाडी सुरू करण्याआधी खालचा नट काढला, सगळं तेल सोडलं, नवं भरलं. दुसऱ्या वर्षी तेच. नऊ वर्षं तेच. सगळे घरी सोनं वाटायला जायचे आणि बा एकटाच इंजिनाखाली निजलेला असायचा. यंदा इंद्रभान पूजेवरूनच गाडी घेऊन खामगावला मित्रांकडे सोनं द्यायला गेला आणि तीन दिवसांनी परतला. बा गेटपासून धावला होता म्हणे. “भाऊ, जरा थांबा,” म्हणाला होता. इंद्रभानने हॉर्न वाजवला. परतल्यावर बाने तेल बदललं, पण जवस आत कुठे जमलं ते त्याला कळलं नाही; सील आखडलं असेल असं समजून त्याने डिसेंबरात ते बदललं.

“मंग आल्यावर काऊन नाही सांगितलं?” मी विचारलं.

“काय सांगू? का तुमच्या मायच्या हातचं पूजेचं तेल मी, माह्या हातानं, नऊ वर्षं काढून राह्यलो? अन् बाई गावभर सांगतेत, जवस पाजते म्हणून गाडी धडधाकट हाये.”

“तुझ्यामुळे धडधाकट होती!”

“तेच तं.”

“तेच तर काय, बा? तू गपचूप नीट करत राहिलास, म्हणून त्यांना वाटलं की बिघडतच नाही. तुझं काम त्यांच्या तेलाचा पुरावा झालं. आणि आता बिघडलं तर तू अज्ञानी! हलगर्जी!”

“हळू बोल, पोरी.”

“मी हळूच बोलते आहे.” खरंच मी हळू बोलत होते. “तू सही करणार होतास.”

 त्याने टॉवेलने पाय पुसले, एकेक बोट. मग म्हणाला, “साबणाचं सांग उद्या. नळीचं सांग. बाकीचं नको सांगू.”

मी कबूल केलं. त्या रात्री मी जेवले नाही, आणि मायने मला आग्रह केला नाही.

रविवारी चारला हिंमतराव शेडमध्ये आले. पांढरं धोतर, कोट, हातात तो कागद आणि फाउंटन पेन. मागे इंद्रभान. मी ताव, वही, तांब्याची तार आणि फेसाची नळी टेबलावर मांडून ठेवली होती. मी क्रमाने सांगितलं: बावीस आणि चार थेंब, सात जागा, कोंडलेली नळी, साबण. शेवटी म्हणाले, “इंजिनात जवसाचं तेल गेलं आहे. सील बरोबर बसलेलं आहे. हवं तर आम्ही उघडून दाखवतो.”

हिंमतरावांनी नळी उजेडात धरली. ते मूर्ख नव्हते. त्यांच्या वडिलांनंतर फॅक्टरी त्यांनीच दुप्पट केली होती.

“जवस,” ते म्हणाले. “म्हंजे आईचं.”

“हो.”

“बरं. मंग मले एक सांग. आई ह्या गाडीले नऊ-दहा वर्षांपासून पाजते. नऊ वर्षं काही झालं नाही. यंदाच काऊन झालं?”

प्रश्न बरोबर होता. माझ्या वर्गात कुठल्या मुलीने विचारला असता तर मी तिची पाठ थोपटली असती. बाने माझ्याकडे पाहिलं. मला गप्प राहायचं होतं.

“बोल ना,” इंद्रभान म्हणाला. “शास्त्र संपलं काय, मास्तरीनबाई? का मिस्त्रीनंच सील बसवताना तेलाचा डबा बदलला?”

“नऊ वर्षं ते तेल त्याच संध्याकाळी काढलं जायचं,” मी म्हणाले. “गाडी सुरू व्हायच्या आधी. बाने काढलं. दर वर्षी. यंदा तुम्ही गाडी तशीच नेली. बा मागे धावला, तुम्ही हॉर्न वाजवला.”

 मला वाटलं, आता झालं. आकडे जुळले, अपवादाचंही कारण सापडलं. दोन वर्षं मी मुलींना हेच शिकवत होते, की सगळं जुळलं की माणूस मान्य करतो.

हिंमतरावांनी नळी टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा इंजिनाकडे नव्हताच.

“पूजेचं तेल,” ते सावकाश म्हणाले. “माह्या आईच्या हातचं. तू काढलं? तुह्या हातानं?”

“हाव, मालक,” बा म्हणाला.

“अन् नालीत फेकलं.”

“नाही, मालक. फेकलं नाही. चांगलं तेल हाये ते, फक्त इंजिनाचं नाही. डब्यात भरून ठेवलं. ह्या शेडच्या दाराले लावतो. लाकडाले जवस मानवते. पाहा ना, नऊ वर्षांत वाळवी नाही लागली.”

आम्ही सगळ्यांनीच दाराकडे पाहिलं. सागाचं दार मधासारखं चमकत होतं.

“दाराले,” इंद्रभान म्हणाला. “आजीचं तेल दाराले पुसून राह्यला हा!”

“तू गप बस,” हिंमतराव म्हणाले. “गाडी तुह्याच बुडाखाली होती.” क्षणभर मला बरं वाटलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “सहदेव, पोरगी म्हणते ते मले पटलं. इंजिनाचं पटलं. पन हे दुसरं आईले कळलं तं ती अन्न सोडन. गावाले कळलं तं तुले मलकापुरात राहू देतीन का लोक? तूच इचार कर. म्हणून म्हणतो, कागद हाये तसाच राहू दे. तू सही कर. मी कोनाले काही बोलत नाही. तू अठीच राहा, गाडी दुरुस्त कर, जसं चाललं तसं चालू दे.”

“पण तुम्हाला पटलं ना?” मी म्हणाले. “खोटं आहे हे माहीत असताना सही मागता?”

“बाई, तू शाळेत खरं शिकव,” हिंमतराव शांतपणे म्हणाले. “शाळेच्या कमिटीत मी बी हाये.”

मी टेबलावरची वही मिटली.   हे सगळं मी उघड केलं होतं. बाने जे नऊ वर्षं झाकलं ते मी अचूक, पायरी-पायरीने, त्यांच्या हातात नेऊन दिलं होतं. आता त्या माणसाकडे बाला बांधायला एकीऐवजी दोन दोऱ्या होत्या.

हिंमतरावांनी कागद बापुढे सरकवला. पेन वर ठेवलं. “कर. हंगामाचे दिवस हायेत, प्रेसचा पट्टा सकाळपासून सरकून राह्यला.”

बाने कागद उचलला. तो वाचायला त्याला वेळ लागतो. तो प्रौढांच्या वर्गात शिकला होता. त्याने ओठ हलवत चारही ओळी वाचल्या. ‘अज्ञानामुळे’ या शब्दावर थांबला आणि तो दोनदा वाचला. मग कागद परत टेबलावर ठेवला, त्याची कड टेबलाच्या कडेला लावून, जसा तो उघडलेल्या इंजिनाचे नट ओळीत ठेवायचा. पेन त्याने उचललं नाही.

“मालक,” तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, पण या वेळी तो इंद्रभानकडे आणि मालकांकडे दोघांकडेही सरळ पाहत होता. “थोरल्या बाईले जे सांगाचं ते सांगा. मीच सांगतो पायजे तं. मी सही करत नाही. अन् उद्यापासून येत नाही. नाक्यावर शालिग्रामच्या शेडात बसतो.”